थरथर वेगळी, गचके वेगळे

जुलै महिन्यात आमचं ऑफिस म्हणजे लग्नघर. ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, २० ला जीएसटी भरायचं ३बी, ३१ ला पगारदारांची रिटर्नं, आणि अधल्यामधल्या वेळात "ताई, फॉर्म १६ व्हॉट्सअ‍ॅपला टाकलाय, बघितला का?" असे फोन. नाशिकमधल्या एका कर सल्लागारांकडे मी बारा वर्षं काम करतेय, त्यामुळे या धांदलीची सवय आहे. पण २०२४ च्या जुलैत ऐन मोसमात माझा बिनतारी माउस फिरला.

फिरला म्हणजे बंद पडला असं नाही. बंद पडला असता तर दुसरा आणला असता आणि हे लिहायची वेळच आली नसती. सकाळी अगदी शहाण्यासारखा चालायचा. दुपारी मध्येच कर्सर जागच्या जागी थरथरायचा, पावसात भिजलेल्या मांजराच्या पिल्लासारखा. कधी उजवीकडे न्यावा तर अर्ध्या वाटेत थिजायचा, आणि मी हात आणखी लांबवला की एकदम उडी मारून पार स्क्रीनच्या कडेला. दहा मिनिटांनी पुन्हा सगळं ठीक. दुसऱ्या कुणाला दाखवायला बोलवावं तर हमखास ठीक. दुखरा दात डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यावर दुखायचा थांबतो ना, तसलाच प्रकार.

आठवडाभर मी चालवून घेतलं. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, माउस फारसा लागत नाही, सगळं बोटांवर पाठ असतं. खरी पंचाईत रिटर्न भरायच्या सरकारी पोर्टलवर. त्या वर्षीपासून रिटर्नमध्ये नवी करप्रणाली आपोआप लागू होत होती. जुनी हवी असेल तर 'नव्यातून बाहेर पडायचंय का' या प्रश्नाला 'होय' म्हणावं लागे. समोर एक शिक्षक बसले होते, गृहकर्जाचं दोन लाख व्याज, ८०सी कलमाखालच्या बचतीचे दीड लाख पूर्ण, म्हणजे या वजावटींसाठी उघडउघड जुन्या पद्धतीचे गिऱ्हाईक. मी 'होय'वर गेले, क्लिक केलं, आणि नेमकी त्याच क्षणी उडी. टिक पडली 'नाही'वर. मला कळलंच नाही. शेवटी कराचा आकडा आला तेव्हा सरांचे डोळे मोठे झाले आणि माझेही. परत मागे गेले, दुरुस्त केलं. त्यांनी जरा वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, बीपीची गोळी वेळेवर घेता ना?"

तेव्हा ठरवलं, आता याचा सोक्षमोक्ष लावायचा.

ऑफिसात असं काही झालं की निदान करणारे पुष्कळ. आमचे सर, म्हणजे ते कर सल्लागार, म्हणाले, "नवीन घेऊन टाका, चारशे-पाचशेची तर वस्तू." आमच्याकडे सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारा पोरगा आहे, तो म्हणाला व्हायरस. समोरच्या खुर्चीतल्या एका क्लायंटने लाइट कमी-जास्त होण्यावर खापर फोडलं. मामा, म्हणजे आमचे शिपाई, त्यांनी काहीच न बोलता भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून माझ्या हातात ठेवला. त्यांच्या मते जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू सेल बदलला की चालते, आणि खरं सांगायचं तर बारा वर्षांत त्यांचं म्हणणं बऱ्याचदा खरं ठरलेलं मी पाहिलंय. या वेळी काही फरक पडला नाही. घड्याळ मात्र बंद पडलं, ते पडलं.

मग मी टेबलाकडे लक्ष दिलं. माझ्या टेबलावर काच आहे. काचेखाली त्या महिन्याचं कालनिर्णयचं पान, तारखांचा तक्ता, ढीगभर व्हिजिटिंग कार्डं आणि सप्तशृंगीचा फोटो. मामा रोज सकाळी ती काच निळा स्प्रे मारून आरशासारखी लख्ख करतात. एका दुपारी थरथर सुरू झाली तेव्हा मी माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला. तरी कर्सर हलत होता! बीपीचा प्रश्न तिथेच मिटला. मग ड्रॉवरमधून एक जुनी लग्नपत्रिका काढली, जाड कागदाची, तिची कोरी बाजू वर करून माउस तिच्यावर ठेवला. कर्सर गप्प. पुन्हा काचेवर, पुन्हा थरथर.

याचं कारण माउसच्या पोटात आहे. उलटा करून बघितलंत तर एक बारीक दिवा आणि त्याच्याजवळ भिंगाचा ठिपका दिसतो. तिथे एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एका फोटोतला खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला ते मोजून हात कुठे गेला ते ठरवतो. कागदाचे तंतू, लाकडाच्या रेषा, कापडाची वीण, असलं काहीतरी त्याला दिसायला हवं. स्वच्छ काचेवर त्याला पकडायला काहीच मिळत नाही. उजेड आरपार जातो, थोडा चकाकून परत येतो, आणि तो बिचारा अंदाजपंचे हलचाल कळवत बसतो. म्हणजे मामा जितकी मन लावून काच पुसणार तितका माझा माउस आंधळा होणार. हे मी त्यांना सांगितलं नाही.

लग्नपत्रिकेने थरथर कायमची गेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि त्याच संध्याकाळी, पत्रिकेवर असतानाच, कर्सर थिजला आणि उडी मारली.

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इतके दिवस एकाच आजाराचा शोध घेत होते, आणि आजार दोन होते. हात स्थिर असताना कर्सर जागेवर कापतो ती थरथर. हात चालू असताना कर्सर अडतो आणि मग एकदम भरपाई करतो ते गचके. दोन्ही एकाच दुपारी यायचे, म्हणून मी त्यांना एकाच नावाने हाक मारत होते. थरथर काचेची होती. गचक्यांचा मालक अजून सापडायचा होता. मी डायरीच्या मागच्या पानावर गचके कधी येतात ते लिहायला सुरुवात केली. 'सोम ४.०५ ते ४.१५. मंगळ ४.२० ते ४.३०.' सगळ्या नोंदी चारच्या आसपासच्या, जसं काही चहाच्या वेळेलाच त्याला झटका यावा.

चहा मामा गॅसवर करतात, पण चारला खायचं काही असेल तर मायक्रोवेव्हमध्ये गरम होतं, आणि मायक्रोवेव्ह माझ्या मागच्या भिंतीपलीकडे. बिनतारी माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. वायफायचा एक पट्टा तोच आणि मायक्रोवेव्हही २.४५ वरच चालतो, एवढं मला मुलाच्या प्रोजेक्टमुळे माहीत होतं. १७ जुलैला आषाढी एकादशी आली. ऑफिसात सगळ्यांचा उपास, सगळ्यांचे साबुदाणा खिचडीचे डबे, आणि मायक्रोवेव्ह दीड वाजल्यापासून अर्धा तास अखंड फिरत होता. मी डबा बाजूला ठेवून माउस गोल गोल फिरवत बसले. एक गचका नाही! माझी खिचडी गार झाली आणि मायक्रोवेव्ह निर्दोष सुटला. तेवढ्यात वायफायचा राउटरही पाच मिनिटं बंद करून बघायचा होता, तो चारला बघितला. सगळ्यांचा ओरडा खाल्ला, आणि गचके होते तसेच.

दुसऱ्या दिवशी घरून येताना अल्कलाइन सेल घेऊन आले, म्हटलं मामांच्या शास्त्रालाही नीट संधी देऊ. घड्याळाचे सेल बहुतेक साधे कार्बनचे असतात, शिवाय तो अर्धा वापरलेला होता. नवा सेल टाकला. गुरुवार सुरळीत. शुक्रवार सुरळीत. मामांनी दोन दिवस ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. शनिवारी २० तारीख, ३बी चा शेवटचा दिवस, पोर्टल आधीच रांगतंय, आणि चार वाजून दहा मिनिटांनी गचके हजर. गुरुवार-शुक्रवारी काय वेगळं होतं याचा विचार मी तेव्हा करायला हवा होता. केला नाही.

मधे हार्डवेअरवाल्या दादांना फोन झाला. त्यांनी फोनवरूनच डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावून यूएसबी हबच्या पॉवर सेव्हिंगची टिक काढायला सांगितली. बराच वेळ हात न लावल्यावर झोपी जाणाऱ्या माउसवर तो बरा उपाय आहे, पण माझा माउस झोपत नव्हता, अडखळत होता. मग म्हणाले, "ताई, एकदा फॉरमॅट मारू." जुलैच्या २० तारखेला! मी फोन ठेवला.

सोमवारी अदलाबदलीचा प्रयोग केला. आमच्याकडचे तीन माउस एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे घेतलेले. मी माझा माउस आर्टिकलच्या पोराला दिला, त्याचा मी घेतला, आणि कामाला लागले. माझा कर्सर ढिम्म. मी चिडून माउस जोरजोरात हलवला, दोन-चार क्लिकही मारले. पलीकडून किंकाळी आली, "ताई, माझ्या स्क्रीनवर आपोआप काहीतरी चाललंय! खरंच व्हायरस आहे!" त्याची ती फाइल मी जवळजवळ डिलीट करणार होते. माउस बदलले होते, पण सीपीयूच्या मागे लावलेले नखाएवढे रिसीव्हर तिथेच होते. प्रत्येक रिसीव्हर आपल्याच माउसचं ऐकतो, दिसायला दोन्ही जुळे असले तरी. तो बिचारा घाबरला होता. मला मात्र कितीतरी दिवसांनी पोट धरून हसता आलं.

मग रिसीव्हरसकट अदलाबदल केली आणि चार वाजायची वाट बघितली. त्याचा चांगला माउस माझ्याकडे आला आणि गचके खायला लागला. माझा 'बिघडलेला' माउस त्याच्याकडे लोण्यासारखा चालत होता. या एका प्रयोगाने माउस, सेल, रिसीव्हर सगळे एका फटक्यात यादीतून बाद झाले. खोट माझ्या जागेत होती. हा प्रयोग पहिल्या दिवशी केला असता तर, असं आता वाटतं. पण पहिल्या दिवशी माणूस सेलच बदलतो.

मंगळवारी २३ जुलैला बजेट. अकराला भाषण सुरू झालं आणि सगळं ऑफिस सरांच्या केबिनमधल्या टीव्हीसमोर. टॅली सगळ्यांनी बंद केलेली. मला वाटलं, बरं झालं, रोज चारला बॅकअपसाठी सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढायला मला गयावया करावी लागते, आज आत्ताच उरकून घेते. कपाटातली पोर्टेबल हार्ड डिस्क काढली, टेबलाखाली वाकून सीपीयूच्या मागे लावली, कॉपी सुरू केली आणि पोर्टल उघडलं.

गचका! सकाळी साडेअकराला!

इतक्या दिवसांत सकाळी कधीच झालं नव्हतं. मी डायरीतल्या नोंदी काढल्या. चार पाच, चार वीस, चार दहा. मी वेळ लिहीत होते. त्या वेळी मी काय करते, ते एकदाही लिहिलं नव्हतं. आणि गेल्या गुरुवार-शुक्रवारी बॅकअप झालाच नव्हता, कारण जुना डेटा उतरवायला सर हार्ड डिस्क घरी घेऊन गेले होते. मामांचा सेल नव्हे, सरांची बॅग.

मी खुर्ची मागे सारली आणि टेबलाखाली शिरले. सीपीयू प्लायवूडच्या खोक्यात, पाठ भिंतीकडे. मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर मागे चार पोर्ट. दोन काळ्या जिभेचे, दोन निळ्या. काळ्या दोहोंत कीबोर्ड आणि प्रिंटर. वरच्या निळ्यात हार्ड डिस्क, आणि तिच्या खालीच, बोटभरही अंतर नाही, माउसचा रिसीव्हर. हार्ड डिस्कचा पांढरा दिवा लुकलुकत होता. एका हाताने पत्रिकेवर माउस फिरवत मी मान वाकडी करून स्क्रीनकडे बघितलं. कॉपी थांबवली, गचके अगदी कमी. सुरू केली, फार. डिस्क काढली, गायब. लावली, हजर. तीन वेळा केलं. चौथ्या वेळी साक्षीदार असावा म्हणून मामांना हाक मारली. ते बजेट सोडून आले, टेबलाखाली डोकावले आणि म्हणाले, "याला नजर लावतीय ती डिस्क." याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं.

निळी जीभ ही यूएसबी ३ ची खूण. जुनं यूएसबी २ सेकंदाला ४८० मेगाबिट नेतं, हे ५ गिगाबिट, म्हणजे दहापट. इतक्या वेगाने तारेतून सिग्नल धावतो तेव्हा त्याचा गोंगाट बाहेरही सांडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. चिप बनवणाऱ्या इंटेलने २०१२ मध्येच याच विषयावर एक निबंध काढला होता, यूएसबी ३ च्या जवळ ठेवलेल्या बिनतारी माउसवर काय परिणाम होतो ते मोजून. उपाय त्यात अगदी घरगुती आहे. रिसीव्हर लांब न्या, नाहीतर तारेला आणि जोडाला नीट आवरण द्या. माउस सेकंदाला शंभरावर वेळा आपली खबर धाडत असतो, पण एका छोट्या सेलवर महिनोन्‌महिने चालायचं म्हणून फार हळू आवाजात. त्याचा रिसीव्हर आम्ही नाशिक ढोलाच्या शेजारी उभा केला होता, तोही स्टीलच्या डब्यामागे, प्लायवूडच्या खोक्यात. मधल्या खबरा हरवल्या की कर्सर थिजणार, आणि पुढची पोचली की उडी मारणार. काचेला यात काही देणंघेणं नव्हतं.

खात्री म्हणून प्रिंटरची वायर काढून हार्ड डिस्क काळ्या पोर्टला लावून बघितली. गचके बंद! पण एरवी आठ मिनिटांत होणारा बॅकअप पंचवीस मिनिटांवर गेला. चार वाजता सगळ्यांना पंचवीस मिनिटं टॅलीबाहेर ठेवायचं म्हणजे बंड झालं असतं. मग संध्याकाळी घरी जाताना एम. जी. रोडवर उतरले आणि दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेतली, १२० रुपये. दुकानदाराला मी कारण सांगायला लागले तर तो म्हणाला, "मॅडम, रिसीव्हर टेबलावर काढायचाय ना? रोज दोन-तीन जातात."

दुसऱ्या दिवशी केबल टेबलामागून वर घेतली आणि रिसीव्हर काचेच्या कडेला, सप्तशृंगीच्या वरच, सेलोटेपने चिकटवला. माउसपासून वीतभर. बॅकअप लावला. पोर्टल उघडलं. कर्सर हवा तिथे, हवा तेव्हा. त्या दिवशी फोनला उसंत नव्हती, कारण बजेटमध्ये शेअरवरचा दीर्घ मुदतीचा भांडवली नफाकर १० वरून साडेबारा टक्के झाला होता आणि अल्प मुदतीचा १५ वरून २०, आणि बजेटच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे २२ जुलैपर्यंत, विकलेल्यांना जुनाच दर लागणार हे प्रत्येकाला माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माउस, आणि दिवसभर एकही चुकीची टिक नाही.

संध्याकाळी सर बाहेरून आले ते हातात पिशवी घेऊन. "घ्या, आणला एकदाचा, वायरवाला. आता कटकट नको." मी त्यांना सगळं सांगितलं, डिस्क काढून-लावून दाखवलं, रिसीव्हर पुन्हा मागे लावून गचकेही दाखवले. ते गंभीरपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "ते ठीक आहे, पण आणलाय तर लावून तर बघा." लावला. खोक्यातल्या सीपीयूच्या मागून त्याची वायर टेबलाच्या कडेपर्यंत जेमतेम आली. लग्नपत्रिकेपर्यंत पोचायला त्यालाही तीच एक्स्टेंशन लागणार होती.